मनाविरुद्धचा युक्तिवाद

४ ऑगस्ट १९१४. बर्लिनच्या राइशटागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, समाजवादी पक्षाचे सहअध्यक्ष हूगो हाझे उभे राहिले आणि युद्धासाठी पाच अब्ज मार्क उभारायला आपल्या पक्षाची संमती असल्याचं निवेदन त्यांनी वाचलं. संकटात देशाला वाऱ्यावर सोडणार नाही, असा त्याचा आशय. सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं.

आणि आदल्याच दिवशी, पक्षाच्या बंद दाराआडच्या बैठकीत, याच हाझेंनी या संमतीला कडाडून विरोध केला होता! मतं पडली ७८ विरुद्ध १४. हाझे त्या चौदांत. पण संसदेत पक्षाने एकमुखाने बोलायचं, हा नियम. आणि बोलायचं अध्यक्षाने. नको नको म्हणत अखेर ते तयार झाले.

अशिलाची बाजू आपल्याला पटो न पटो, वकील ती मांडतोच. हाझे तर हाडाचे वकील. पूर्व प्रशियातल्या आलेनश्टाइन गावी, एका ज्यू चांभाराच्या घरात १८६३ साली त्यांचा जन्म झाला. वकिली केली ती कोनिग्सबर्गमध्ये, तत्त्वज्ञ कांटच्या गावात. १९०४ साली तिथे एक विलक्षण खटला उभा राहिला. झारविरोधी पत्रकं चोरून रशियात पाठवल्याचा काही समाजवाद्यांवर आरोप होता. परक्या राजाविरुद्धचा गुन्हा जर्मनीत चालवायचा, तर त्या राजाच्या देशातही कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, तसंच कायद्याचं संरक्षण हवं. रशियन कायदा खरोखर तशी हमी देतो का? बचाव पक्षाने नेमकं तिथेच बोट ठेवलं आणि राजद्रोहाचा आरोप कोसळला. बचावाच्या वकिलांत हाझेंबरोबर समाजवादी नेते कार्ल लिबक्नेख्टही होते.

गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, दहा वर्षांनी युद्धाला होकार देताना पक्षाने पुढे केलेली सबबही झारचीच: झारशाहीचा धोका. आणखी एक भीती होतीच, पक्षावर पुन्हा बंदी येण्याची. १८७८ ते १८९० अशी बारा वर्षं समाजवाद्यांनी दडपशाहीचा कायदा भोगला होता.

जुलैअखेरीस हाझे ब्रसेल्सला युद्धविरोधी सभेत फ्रान्सचे समाजवादी नेते जाँ जोरेस यांच्याबरोबर होते. ३१ तारखेला जोरेसचा पॅरिसमध्ये खून झाला. याउलट हाझेंच्या पक्षातलेच लुडविग फ्रांक, तेही ज्यू, तेही वकील, आपण होऊन सैन्यात गेले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच मारले गेले.

हाझेंचा संयम मार्च १९१६ मध्ये सुटला. त्यांनी संसदेत उघडपणे विरोधी भाषण केलं, तेव्हा सर्वांत मोठा आरडाओरडा स्वपक्षीयांचाच होता. ते आणि त्यांचे सोबती संसदीय गटाबाहेर फेकले गेले. १९१७ साली गोथा इथे त्यांनी स्वतंत्र समाजवादी पक्ष काढला. मला मात्र वाटतं, हे भाषण त्यांनी वीस महिने आधीच करायला हवं होतं. अर्थात शंभर वर्षांनी असं म्हणायला काय जातं!

कैसरची सत्ता उलथवणाऱ्या नोव्हेंबर १९१८ च्या क्रांतीनंतर जुन्या पक्षाचे नेते एबर्ट यांच्या जोडीने ते सहा जणांच्या सरकारचे प्रमुख झाले, पण डिसेंबर संपायच्या आत बाहेरही पडले. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा काळा कोट घालून म्युनिकच्या न्यायालयात त्यांनी राजद्रोहाचा आरोप असलेले तरुण नाटककार एर्न्स्ट टोलर यांचा बचाव केला. फाशीची भीती होती. पाच वर्षांच्या कैदेवर निभावलं.

८ ऑक्टोबर १९१९ रोजी राइशटागसमोर योहान फोस नावाच्या माथेफिरू चामडे कामगाराने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. महिनाभर झुंजून ७ नोव्हेंबरला ते गेले.