श्रेयांकाची शिदोरी

कोल्हापुराहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या मार्गावर, आंबा घाटाच्या अलीकडे, शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे गाव वसले आहे. येथून कोल्हापूर चाळीस किलोमीटरांहून अधिक दूर आहे. पूर्वी या भागातील मुलास उच्च शिक्षण घ्यावयाचे, तर घर सोडून शहर गाठावे लागे. ही अडचण ओळखूनच राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले. विद्यार्थी विद्येपर्यंत पोहोचावा, हा त्यांचा हेतू होता. आज तालुक्यातही महाविद्यालये आहेत; तथापि हवा तो विषय शिकविणारे अध्यापक जवळ असतीलच, असे नाही. म्हणून आता विद्याच विद्यार्थ्यापर्यंत नेण्याचे प्रयत्न होत आहेत. शाळेत असतानाच महाविद्यालयीन विषय शिकणे आणि त्या अभ्यासाची नोंद पुढे पदवीसाठी ग्राह्य धरली जाणे, हा त्यांपैकीच एक होय.

शाळा कोठे संपते आणि महाविद्यालय कोठे सुरू होते, ही सीमा निसर्गाने आखलेली नाही. ती माणसांनी आखली आणि वेळोवेळी बदललीही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी होत. पुढे दीर्घकाळ महाराष्ट्रात अकरा वर्षे शाळेत आणि चार वर्षे महाविद्यालयात, असा पदवीचा क्रम होता. १९७५ पासून दहावी, त्यानंतर दोन वर्षांचा उच्च माध्यमिक अभ्यासक्रम आणि मग तीन वर्षांची पदवी, अशी रचना आली. एकूण वर्षे पंधराच राहिली. परंतु शाळेचे शेवटचे आणि महाविद्यालयाचे पहिले वर्ष मिळून अकरावी व बारावी झाली. काल जे महाविद्यालयात शिकविले जाई, ते आज गावच्या शाळेला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयातही शिकविता येऊ लागले.

अमेरिकेत हा प्रश्न दुसऱ्या बाजूने पुढे आला. तेथील काही शिक्षकांनी १९५० नंतरच्या काळात शाळा व महाविद्यालये यांचे अभ्यासक्रम ताडून पाहिले, तेव्हा हुशार विद्यार्थ्यास शाळेत शिकलेलेच महाविद्यालयात पुन्हा शिकावे लागते, असे त्यांना आढळले. त्यातून शाळेतच महाविद्यालयीन दर्जाचे विषय शिकविण्याची योजना निघाली आणि १९५६ साली तिच्या परीक्षा सर्वत्र सुरू झाल्या. या परीक्षेत एक ते पाच असे गुणांकन असते. अनेक महाविद्यालये तीन वा त्याहून अधिक गुणांकन मिळविणाऱ्यास त्या विषयाचे श्रेय देतात. काही चार किंवा पाचचाच आग्रह धरतात, तर काही मुळीच श्रेय देत नाहीत. प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा असतो.

हे श्रेय मोजण्याचे माप म्हणजे श्रेयांक. भारतात २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा प्रसिद्ध झाला. त्यानुसार अध्ययनाचे तीस तास म्हणजे एक श्रेयांक होय. वर्षास १,२०० तास, म्हणजेच चाळीस श्रेयांक, असा हिशेब आहे. या तासांत केवळ वर्गातील पाठ येत नाहीत. प्रयोग, स्वाध्याय, प्रकल्प यांचाही त्यांत समावेश होतो. चार श्रेयांकांच्या विषयास १२० तास लागतात. तो बारा आठवड्यांत पुरा करावयाचा, तर आठवड्यास दहा तास द्यावे लागतील. मात्र हे तास घालविले म्हणजे श्रेयांक मिळाला, असे नव्हे. परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावरच तो विद्यार्थ्याच्या नावे जमा होतो.

जमा झालेले श्रेयांक जपून ठेवण्यासाठी २०२१ साली शैक्षणिक श्रेयांकांची पेढी स्थापन झाली. पेढीत जसे पैशांचे खाते असते, तसे येथे विद्यार्थ्याचे श्रेयांकांचे खाते असते. एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक नियमांनुसार दुसऱ्या संस्थेत नेता येतात. हे श्रेयांक सामान्यतः जास्तीत जास्त सात वर्षेपर्यंत वापरता येतात.

शालेय विद्यार्थ्यास यांतील कोणत्या वाटा मोकळ्या आहेत? २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठावर नववीपासून उच्च शिक्षणापर्यंतचे पाठ इंटरनेटद्वारे विनामूल्य पाहता येतात. अंतिम परीक्षा मात्र शुल्क भरून, ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२० साली विदाविज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने सुरू केला. अकरावीची परीक्षा दिलेला विद्यार्थी त्याच्या पात्रता परीक्षेसाठी अभ्यास करू शकतो; प्रत्यक्ष प्रवेश बारावी उत्तीर्ण झाल्यावर मिळतो. अर्थात, पात्रता म्हणजे श्रेयांक नव्हे. तथापि पदवीच्या अभ्यासाचा परिचय त्यास घरबसल्या होतो.

येथे दोन गोष्टी नीट ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी की, श्रेयांकांना पातळी असते. बारावीच्या नेहमीच्या अभ्यासाचे श्रेयांक पदवीत मोजले जात नाहीत. त्यासाठी विषयच पदवीच्या पातळीचा असावा लागतो, आणि तो स्वीकारणे हे संबंधित विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून असते. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी तो नियम पाहणे हेच शहाणपणाचे. दुसरी गोष्ट अशी की, पाया कच्चा ठेवून वरचा मजला बांधणे हिताचे नाही. ज्याचे शाळेतील गणित अपुरे आहे, त्याने पुढच्या गणिताची घाई करू नये. दहावी-बारावीच्या अभ्यासावर आणखी आठवड्यास दहा तासांचा भार प्रत्येकास पेलेलच, असे नाही. तो न पेलणाऱ्याने स्वतःस कमी लेखण्याचेही कारण नाही.

श्रेयांक म्हणजे अखेर दोन संस्थांमधील विश्वासाचे चिन्ह आहे. ‘या विद्यार्थ्याने हे शिकून पूर्ण केले आहे’, असे एक संस्था सांगते आणि दुसरी ते मानते. हा विश्वास परीक्षेतील प्रामाणिकपणावर उभा असतो. दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या उत्तरांनी खाते भरेल, परंतु पुढच्या वर्गात पहिल्याच कठीण उदाहरणापाशी त्याचे रितेपण उघडे पडेल. घाट चढणाऱ्या वाटसरूने शिदोरी बांधून घ्यावी हे योग्यच. मात्र गाठोड्यात खरोखर भाकरी आहे ना, हे त्याने निघण्यापूर्वीच पाहिले पाहिजे.