देवाला आवडणारं जीवन म्हणजे काय? विश्वास की सत्कर्म, यावरून ख्रिस्ती जगात शतकानुशतकं वाद का झाला?

दर रविवारी चर्चला जाणं, उपवासकाळ पाळणं, दानपेटीत पैसे टाकणं, गरिबाला मदत करणं. एवढं केलं की देव प्रसन्न होतो का?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, हो. पण ख्रिस्ती धर्माचं उत्तर इतकं सरळ नाही. याच प्रश्नावरून सोळाव्या शतकात युरोपातलं चर्च दुभंगलं. मराठी मुलखातल्या पंडिता रमाबाईंनाही बाप्तिस्म्यानंतर अनेक वर्षं हा प्रश्न सुटला नव्हता.

बायबल काय सांगतं?

बायबलच्या नव्या करारात 'इब्री लोकांस पत्र' आहे. त्याच्या ११व्या अध्यायाचा आशय असा, की विश्वास नसेल तर देवाला संतोषवता येत नाही.

पण विश्वास म्हणजे 'देव आहे' असं नुसतं मान्य करणं का? हा अध्याय माणसांची उदाहरणं देतो. जे अजून दिसलंही नव्हतं, त्याच्या इशाऱ्यावरून नोहाने तारू बांधलं. कुठे जायचंय हे माहीत नसताना अब्राहाम घर सोडून निघाला. या यादीत यरीहो शहरातली राहाब नावाची वेश्याही आहे. तिने जीव धोक्यात घालून इस्राएली हेरांना आसरा दिला. म्हणजे इथे मोजमाप प्रतिष्ठेचं किंवा सोवळेपणाचं नाही. देवावर भरवसा ठेवून पाऊल उचललं का, हे पाहिलं जातं.

याच अध्यायाच्या शेवटी छळ झालेल्या, मारल्या गेलेल्या लोकांचाही उल्लेख आहे. त्यांना वचन दिलेली गोष्ट हयातीत मिळाली नाही, तरी त्यांचा विश्वास खरा मानला गेला. त्यामुळे 'श्रद्धा ठेवा, पैसा आणि आरोग्य नक्की मिळेल' असं सांगणाऱ्या प्रचारकांवर टीका करताना अनेक ख्रिस्ती अभ्यासक या ओळींकडे बोट दाखवतात.

मग वाद कुठे आहे?

नव्या करारातलीच दोन पत्रं वरवर पाहता एकमेकांविरुद्ध बोलतात.

रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो, की माणूस नियमशास्त्रातली कर्मं करून नव्हे, तर विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो. याकोबाचं पत्र म्हणतं, की कृतीशिवाय विश्वास निर्जीव आहे. उघड्या-उपाशी माणसाला नुसता तोंडी आशीर्वाद देऊन वाटेला लावलं, तर त्याचा काय उपयोग, असा याकोबाचा सवाल आहे. गंमत म्हणजे दोघंही दाखला देतात तो अब्राहामाचाच.

ल्यूथरने काय केलं?

सोळाव्या शतकात जर्मनीत पापाची शिक्षा कमी करून देणारी क्षमापत्रं पैसे घेऊन दिली जात होती. मेलेल्या नातेवाइकांसाठीही लोक ती घेत. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर या धर्मगुरूने या व्यवहाराविरुद्ध ९५ मुद्दे मांडले.

ल्यूथरने स्वतः मठात राहून कडक उपास आणि वारंवार पापकबुली करून पाहिली होती. तरी देव आपल्यावर खूश आहे याची खात्री त्याला पटत नव्हती. पौलाची पत्रं वाचून तो या निष्कर्षाला आला, की देवाची कृपा कमवायची नसते, ती विश्वासाने स्वीकारायची असते. याकोबाच्या पत्राला तर त्याने गवताच्या काडीची उपमा दिली.

कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ मध्ये याला उत्तर दिलं. सुरुवात देवाच्या कृपेनेच होते, पण माणसाने त्या कृपेला साथ द्यायला हवी. फक्त विश्वास पुरेसा नाही, अशी ती भूमिका होती.

हा वाद मिटला का?

बऱ्याच अंशी. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणसाचा स्वीकार देव त्याच्या पुण्याईमुळे नव्हे, तर कृपेने करतो आणि सत्कर्मं हे त्या कृपेचं फळ असतं, यावर दोघांचं एकमत झालं. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट चर्चही यात सामील झालं. काही मतभेद मात्र अजून आहेत.

सोपं करून सांगायचं, तर झाडाला फळं लागतात म्हणून ते जिवंत होत नाही. ते जिवंत असतं म्हणून त्याला फळं लागतात. पण वर्षानुवर्षं एकही फळ आलं नाही, तर मुळाशी काय चाललंय हा प्रश्न पडणारच. याकोब तोच प्रश्न विचारतो.

पंडिता रमाबाईंचा अनुभव

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पण चर्चची प्रत्येक शिकवण त्यांनी मुकाट्याने मानली नाही. मार्गदर्शक नन असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे पत्रांतून खटके उडाले. विचार करण्याचं स्वातंत्र्य सोडायला त्या तयार नव्हत्या.

पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केलं, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. विधी झाले होते, शिकवण माहीत होती, तरी मनातली पोकळी भरली नव्हती.

ती भरल्यावर त्या एका कोपऱ्यात प्रार्थना करत बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि बालविधवांना आणलं. पुण्याजवळच्या केडगावात मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे मुली लिहायला-वाचायला शिकल्या, छपाई आणि विणकाम शिकल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय?

मत्तयच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र दिलं का, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटलात का, असे निकष तिथे येतात. विशेष म्हणजे ज्यांनी हे केलं, त्यांना आपण देवाची सेवा करतोय याची कल्पनाही नव्हती.

म्हणून ख्रिस्ती शिकवणीत देवाला आवडणारं जीवन म्हणजे पुण्याचं खातं फुगवणं नव्हे. देवाने आधीच स्वीकारलंय या भरवशावर, हिशेब न ठेवता शेजाऱ्याच्या उपयोगी पडणं, असा त्याचा अर्थ होतो.