फाईलचा ताळा

गणिताच्या तासास मुलांना नऊचा ताळा दाखविता येतो. ४६२ व ३८१ यांची बेरीज ८४३. प्रत्येक संख्येतील अंकांची बेरीज एकअंकी होईपर्यंत करीत गेल्यास पहिल्या दोहोंचे तीन-तीन, म्हणजे एकूण ६ होतात. ८४३ चेही ६ च होतात. ताळा जमला. परंतु उत्तर चुकून ८३४ लिहिले गेले तरीही तो जमतो. कारण अंकांची अदलाबदल या ताळ्यास ओळखता येत नाही.

संगणकावरील फाईलच्या नकलेबाबतही असाच प्रश्न उद्भवतो. निकालपत्रक पेन ड्राइव्हवर उतरत असता तो मध्येच काढला गेला, तर फाईलचे नाव दिसते, पण मजकूर अपुरा असू शकतो. त्याचे नुकसान शेवटी मुलास सोसावे लागते. म्हणून फाईललाही ताळा हवा, आणि तो नऊच्या ताळ्याहून सूक्ष्म हवा.

विंडोज प्रणालीतील पॉवरशेल या साधनाच्या २०१३ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. पॉवरशेल उघडून 'गेट-फाईलहॅश' ही आज्ञा रोमन लिपीत, संयोगचिन्हासह लिहावी. एक जागा सोडून फाईलचा संपूर्ण मार्ग अवतरणचिन्हांत द्यावा व एंटर कळ दाबावी. 'शा-२५६' या पद्धतीने काढलेली ६४ चिन्हांची ओळ दिसेल. तीत ० ते ९ हे अंक व ए ते एफ ही अक्षरे असतात. मूळ फाईलची व नकलेची ओळ तंतोतंत जुळली, तर नक्कल बिनचूक समजावी. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ओळ पार बदलते. केवळ नाव बदलल्यास मात्र ती तीच राहते.

जुन्या पद्धती वापरू नयेत. १९९२ सालच्या 'एमडी५' पद्धतीत २००४ साली, आणि 'शा-१' पद्धतीत २०१७ साली, दोन भिन्न मजकुरांचा एकच ताळा काढून दाखविण्यात आला.

दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. ताळ्याची ओळ त्याच पेन ड्राइव्हवर न ठेवता सोबतच्या पत्रावर लिहावी. अन्यथा फाईल बदलणारा ओळही बदलू शकेल. दुसरे असे की, ताळा नकलेची ग्वाही देतो, गुणांची नव्हे. मूळ पत्रकातच ६२ चे २६ झाले असतील, तर ताळा निमूटपणे जमेल. ते पडताळण्याचे काम शिक्षकाचेच होय.