मुखवटा : शोभेचा की सोंगाचा?

मुखवटा म्हटलं की दिवाणखान्याच्या भिंतीवरची शोभेची वस्तू आठवते ना? पण आपल्या कात्रपहून काही तासांवर, जव्हार-मोखाडा भागात मुखवटा नाचतो. हा भाग आज पालघर जिल्ह्यात येतो; २०१४ पर्यंत तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, बरं का! तिथल्या आदिवासींच्या या उत्सवाला 'बोहाडा' म्हणतात.

उन्हाळ्यातल्या रात्री, संबळाच्या तालावर एकेक सोंग येतं. आधी गणपती, सरस्वती. मग रावण, नरसिंह, देवी. पूर्वी मुखवटे लाकडाचे असत. आता बरेचसे कागदाचे करतात. मातीच्या साच्यावर कागदाचे थर खळीने चिकटवायचे, वाळले की साचा काढून रंगवायचे. मुखवटा हलका झाला की नाचणाऱ्याला सोपं जातं.

अनेक गावांत कोणतं सोंग कोणत्या घराण्याने घ्यायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. म्हणजे मुखवट्यासोबत मान येतो आणि जबाबदारीही.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्वाकावाक्व लोकांतही असंच आहे. सीडरच्या लाकडात कोरलेला मुखवटा नाचवण्याचा हक्क घराण्याचा असतो. सरकारने १८८५ पासून त्यांच्या 'पॉटलॅच' सोहळ्यावर बंदी घातली. १९२१ च्या एका मोठ्या सोहळ्यानंतर त्यांचे मुखवटे काढून घेतले आणि ते संग्रहालयांत गेले. बंदी १९५१ मध्ये उठली. पुढे त्यांनी पाठपुरावा करून बरेच मुखवटे परत मिळवले.

आपल्याकडे बंदी नाही. पण नाचणारेच उरले नाहीत, तर मुखवटे भिंतीवरच राहतील. म्हणून प्रदर्शनात मुखवटा दिसला, की किंमत विचारण्याआधी एवढं विचारा : हे सोंग कोणाचं?