जुळ्या भावंडांच्या चेहऱ्याची वाढ आणि अनुवंश

चेहऱ्याची घडण अनुवंशाने ठरते की परिस्थितीने, हा प्रश्न या स्वरूपात मांडला तर त्याला उत्तर नाही. कारण प्रत्येक चेहरा दोहोंच्या संयोगाने घडतो. शास्त्रीय दृष्ट्या विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे. एखाद्या जनसमूहात चेहऱ्याच्या मापांत जे भेद आढळतात, त्यांपैकी किती भेद आनुवंशिक कारणांनी उद्भवतात, हा तो प्रश्न होय. अनुवंश व परिस्थिती यांचे कार्य वेगळे करण्यासाठी जुळ्यांचा अभ्यास उपयोगी पडेल, ही कल्पना फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७५ साली मांडली.

एकबीज जुळी एकाच फलित अंडापासून जन्मतात. त्यांचा जनुकसंच जवळजवळ एकच असतो. द्विबीज जुळ्यांत मात्र इतर सख्ख्या भावंडांप्रमाणे सरासरीने निम्मेच आनुवंशिक साम्य असते. दोन्ही प्रकारच्या जोड्या सारख्याच परिस्थितीत वाढतात असे गृहीत धरले, तर दोहोंच्या साम्यातील अंतर हे अनुवंशाचे कार्य ठरते. समजा, चेहऱ्याच्या एखाद्या मापाचा सहसंबंध गुणांक एकबीज जुळ्यांत ०.९ आणि द्विबीज जुळ्यांत ०.५ आला. या दोहोंतील फरकाची दुप्पट, म्हणजे ०.८, हा त्या मापाच्या भेदांतील आनुवंशिक अंश होय.

या पद्धतीत एक धोका संभवतो. जोडी एकबीज आहे की द्विबीज, हे पूर्वी बव्हंशी रूपसाम्यावरून ठरवीत. चेहरा सारखा म्हणून जोडी एकबीज, आणि एकबीज जोडीचा चेहरा सारखा म्हणून तो आनुवंशिक, असे हे तर्कचक्र होते. पुढे रक्तगटांच्या व आता डीएनएच्या तपासणीने हा दोष दूर झाला आहे.

मस्तकाची प्रमाणबद्ध क्ष-किरण छायाचित्रे घेण्याची पद्धत १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट व जर्मनीत होफ्राथ यांनी प्रसिद्ध केली. त्यामुळे त्वचेखालील अस्थींचे मापन शक्य झाले. १९६० साली होरोविट्झ, ऑस्बॉर्न व डीजॉर्ज यांनी प्रौढ जुळ्यांच्या छायाचित्रांचा अभ्यास केला. कवटीच्या तळाचा पुढील भाग, खालच्या जबड्याची लांबी आणि चेहऱ्याची, विशेषतः त्याच्या खालच्या भागाची, उंची यांत त्यांना ठळक आनुवंशिक भेद आढळले. त्याआधी १९५९ साली क्रॉस, वाइज व फ्राय यांनी तिळ्या भावंडांची तपासणी केली होती. एकबीज तिळ्यांत सुट्या अस्थींच्या बाह्यरेषा विलक्षण जुळत होत्या. परंतु त्या अस्थी परस्परांशी ज्या रीतीने सांधल्या होत्या, तीत भेद होता. दातांबाबतही असेच दिसते. १९८० साली कोरुचिनी व पॉटर यांनी जुळ्यांचा अभ्यास करून असे दाखविले की, वरखालच्या दातांची परस्पर बैठक अनुवंशाने ठरते हा समज पुष्कळ अंशी टिकत नाही. सारांश, घटक अस्थींवर अनुवंशाची पकड घट्ट असते. त्यांच्या जुळणीवर ती सैल असते.

अलीकडे प्रत्यक्ष जनुकांचाही शोध लागला आहे. नासामूलाच्या स्थानाशी पॅक्स-३ या जनुकाचा संबंध असल्याचे २०१२ साली दोन स्वतंत्र संशोधनांत दिसून आले. तथापि अशा एकेका जनुकाचा परिणाम अल्प असतो. चेहरा हे अनेक जनुकांचे संयुक्त कार्य होय.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिली अशी की, ०.८ हा अंश जनसमूहातील भेदांविषयी आहे; एखाद्या मुलाच्या जबड्याचा ८० टक्के भाग अनुवंशाने घडला, असा त्याचा अर्थ होत नाही. जनसमूह, वय वा राहणी बदलली की तो अंशही बदलू शकतो. दुसरी अशी की, आनुवंशिक म्हणजे अपरिवर्तनीय नव्हे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या हार्वोल्ड यांच्या प्रयोगांत ऱ्हीसस माकडांच्या नाकपुड्या बंद केल्यावर ती तोंडाने श्वास घेऊ लागली, आणि त्यांच्या जबड्यांची ठेवण व दातांची रचना बदलली. त्यांची जनुके होती तीच राहिली होती.

वाढत्या वयातील मुलाचा जबडा मागे राहिला असता उपचार करावा की दैवगती म्हणून सोडून द्यावे, हा दंतवैद्यापुढील प्रश्न येथेच निर्णायक वळण घेतो. आनुवंशिक अंशाचा आकडा मोठा आहे एवढ्यावरून उपचार निष्फळ ठरत नाही, आणि तो लहान आहे एवढ्यावरून यशाची हमीही मिळत नाही. जुळ्यांचा अभ्यास भेदांचे मूळ दाखवितो. उपचाराचे फळ मात्र उपचाराच्याच परीक्षणातून कळू शकते.