लेन्समधले पाणी आणि डोळ्यातला कोरडेपणा

सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स निवडताना खोक्यावर छापलेला पाण्याचा टक्का अनेकांना निर्णायक वाटतो. लेन्समध्ये पाणी जास्त असले की डोळाही जास्त ओला राहील, म्हणून ३८ टक्क्यांपेक्षा ५८ टक्के बरे, असा हा हिशेब. तो फसवा आहे. प्रागमध्ये ओटो विख्टर्ले यांनी १९६१च्या नाताळात मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातून यंत्र उभारून पहिल्या वापरण्याजोग्या मऊ लेन्स घडवल्या. त्या ‘हेमा’ नावाच्या प्लास्टिकच्या होत्या; त्यात पाणी सुमारे ३८ टक्के असते. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात; त्याला ऑक्सिजन मुख्यतः हवेतून मिळतो आणि अशा लेन्समधून तो पाण्याच्याच वाटेने आत जातो. पुढे पाणी वाढवले गेले ते डोळा ओला ठेवण्यासाठी नव्हे, प्रामुख्याने ऑक्सिजनसाठी.

शिवाय डबीतल्या लेन्सचा टक्का डोळ्यावर तसाच राहत नाही. डोळ्याचा पृष्ठभाग साधारण ३४-३५ अंश सेल्सियस असतो आणि लेन्स तापली की तिच्या जाळीची पाणी धरण्याची ताकद घटते. त्यामुळे पाणी कमी होते आणि या घटीचा मोठा वाटा पहिल्या काही मिनिटांतच उरकतो. मग बाष्पीभवन सुरू राहते. अश्रूंचा थर जेमतेम तीन मायक्रॉनचा असतो आणि लेन्स त्याच्या कितीतरी पट जाड. ती या थराचे दोन भाग करते. वरच्या पातळ भागावर पापण्यांच्या ग्रंथींतले तेल नीट पसरत नाही, म्हणून तो लवकर फाटतो. स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी आणि अर्धवट मिटतात. एसी हवेतली आर्द्रता काढून घेतो, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यातही ऑफिसमध्ये डोळे सुकू शकतात. साध्या हायड्रोजेलमध्ये, म्हणजे ‘हेमा’सारख्या पाणी धरणाऱ्या प्लास्टिकमध्ये, ज्या लेन्सचे पाणी जास्त, ती सहसा गमावतेही जास्त. ती फार पातळ असेल तर आतल्या अश्रूंतून आणि कॉर्नियातूनही पाणी ओढते, आणि कॉर्नियाच्या वरच्या पेशींना इजा होते.

यावर कोणी विचारेल, घट थोड्याच टक्क्यांची असते, मग एवढे महत्त्व कशाला? आक्षेप रास्त आहे. मोजलेली घट आणि जाणवणारा कोरडेपणा यांचा संबंध अभ्यासांत कमकुवतच आढळला आहे. पण त्यातून टक्क्याचे समर्थन होत नाही, उलट तो आणखी निरुपयोगी ठरतो. त्रास बराचसा पृष्ठभागावर घडतो: अश्रूंचा थर फाटतो आणि पापणी दिवसभरात हजारो वेळा त्या कोरड्या जागेवरून घासते. सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये तर पाणी बहुधा कमीच असते, कारण तिथे ऑक्सिजनला सिलिकॉनची वाट मिळते. सिलिकॉन पाण्याला दूर सारते, म्हणून तिथे पृष्ठभाग ओला राहील अशी वेगळी प्रक्रिया करावी लागते. काही नव्या लेन्समध्ये गाभ्यात सुमारे ३३ टक्के आणि पृष्ठभागावर ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते. पाणी किती यापेक्षा ते कुठे आहे, हे बनवणाऱ्यांनीच ओळखले आहे. तरी कोणतीही लेन्स सगळ्यांनाच सुखावते असे नाही. लेन्सवर चालणारे थेंब आराम देतात, पण थोडाच वेळ. नळाचे पाणी मात्र लेन्सला कधीही लावू नये. त्यातला अकँथामिबा हा सूक्ष्मजीव कॉर्नियाला गंभीर संसर्ग करू शकतो. संध्याकाळी डोळे रोज खुपत असतील तर जास्त टक्क्याची लेन्स मागण्याआधी अश्रूंचा थर किती वेळ टिकतो आणि पापण्यांच्या तेलग्रंथी तुंबल्या आहेत का, हे नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. लेन्स काढल्यावरही लाली, दुखणे किंवा धूसरपणा राहिला, तर त्याच दिवशी त्यांना गाठावे.