हाकेला ‘ओ’ आणि मोडेम गप्प

समजा, रोह्याजवळ अष्टमीच्या काठावर कुंडलिका नदीची पातळी मोजणारं यंत्र बसवलंय. आत लिनक्सवर चालणारा छोटा संगणक, शेजारी सिमकार्डाचा मोडेम, दोघांमध्ये एकच सिरियल तार. रात्रभर ‘पाणी वाढतंय’ असे निरोप रोह्याला बिनबोभाट पोचतात. पहाटे पूर उतरतो, यंत्र ‘पाणी ओसरले’ असं पाठवायला जातं आणि मोडेमची वाचाच बसते. रेंज आहे, बॅटरी आहे, सिमही चालू. बिचारा तंत्रज्ञ अँटेना बदलून पाहील.

प्रसंग कल्पनेतला. त्यामागची चूक मात्र खरी, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये ती दहा वर्षांहून जास्त काळ ठाण मांडून होती.

रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेचा एकेरी मार्ग होता, तेव्हा सगळ्या गाड्या एकाच रुळावरून नंबराप्रमाणे सोडाव्या लागत. मोडेमच्या तारेचंही तसंच. इंटरनेट, एसएमएस, आज्ञा, सगळं एकाच तारेतून क्रमांक लावलेल्या चौकटींमधून जातं. त्याचे नियम जीएसएम ०७.१० या मानकात होते, पुढे ३जीपीपी २७.०१० मध्ये आले. लिनक्ससाठी ते अमलात आणणारा ‘एन-जीएसएम’ ड्रायव्हर अ‍ॅलन कॉक्स यांनी लिहिला. २०१० मध्ये तो कर्नलमध्ये आला.

या मानकाच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पद्धतीत काही बाइट राखीव आहेत. १९ म्हणजे ‘थांब’, १७ म्हणजे ‘चालू कर’. मजकुरातच हे आकडे आले, तर आधी १२५ पाठवायचा आणि मागोमाग त्या बाइटचा एक बिट उलटवून, म्हणजे वेषांतर करून, तो धाडायचा. ड्रायव्हर १७ आणि १९ ला इमानाने वेषांतर करत होता. पण कलम ५.२.७.३ आणखी एक गोष्ट सांगतं: हे हुकूम ओळखताना सर्वांत वरचा बिट जमेस धरायचा नाही. त्या बिटाची किंमत १२८. म्हणजे १४५ आणि १४७ हेसुद्धा हुकूमच! ते उघड्या तोंडाने तारेवर जात होते.

आता युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘ओ’ कसा लिहितात पाहा: २२४, १६४, १४७. ‘ऑ’ चा शेवटचा बाइट १४५. मानक काटेकोर पाळणाऱ्या मोडेमला ‘ओ’ म्हणजे ‘थांब’ आणि ‘ऑ’ म्हणजे ‘चालू कर’! साध्या इंग्रजी मजकुराचे बाइट १२८ च्या खालीच राहतात, त्यामुळे त्यावर चाचणी करणाऱ्याला याचा वाससुद्धा येणार नाही. तपासणी-बेरीजही उपयोगाची नाही, कारण नेहमीच्या यूआयएच चौकटीत ती फक्त शीर्षभागाची करतात. चित्रं किंवा सांकेतिक केलेला मजकूर यांत १४७ कुठेही उगवू शकतो, पण तिथे दोष कुणाला द्यायचा? शिवाय ‘बेसिक’ पद्धत वापरली, किंवा थांब-चालूसाठी वेगळ्या तारा असल्या, की ही चूक अंग चोरून बसते.

२०२२ च्या सुरुवातीला सीमेन्सच्या डॅनियल स्टार्के यांनी या ड्रायव्हरच्या दुरुस्त्यांची मालिकाच पाठवली. चौकट हुकमाची की उत्तराची हे सांगणारा बिट, उत्तर देणाऱ्या बाजूने पाठवताना मानकाप्रमाणे उलटा हवा. तीही चूक त्यांनी सुधारली. आणि ‘थांब’ची दुरुस्ती? तुलना करण्याआधी प्रत्येक बाइटचे खालचे सातच बिट घ्यायचे, बस. कोड इवलासा, पण तो लिहायला मानकाचं ते कलम शेवटपर्यंत वाचणारा माणूस लागला. तेव्हापासून ‘ओ’ तारेवर असा जातो: २२४, १६४, १२५, १७९.